बेसबॉलच्या मोसमात खेळाडूंचे आकडे कधी आणि कसे वाचावेत

४ एप्रिल १९९४ रोजी, मोसमाच्या पहिल्याच दिवशी, शिकागो कब्जच्या टफी रोड्सने ड्वाइट गुडनसारख्या नावाजलेल्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) तीन होम रन मारले, म्हणजे तीनदा चेंडू थेट कुंपणापलीकडे. त्या वर्षाअखेर रोड्सच्या नावावर एकूण होम रन होते आठ. २००६ साली डेट्रॉइटच्या क्रिस शेल्टनने पहिल्या १३ सामन्यांत ९ होम रन मारले आणि मोसम संपवला १६ वर. २०२१ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या येर्मिन मर्सेडिसने मोसमाची सुरुवातच सलग आठ हिट्सनी केली, म्हणजे आठही वेळा चेंडू मारून तो सुखरूप बेसवर (धावेच्या टप्प्यावर) पोचला. जुलैच्या सुरुवातीलाच त्याची रवानगी खालच्या लीगमध्ये झाली.

यातला एकही आकडा चुकीचा नव्हता. तीन होम रन तीनच होते, आठ हिट्स आठच होत्या. प्रश्न असा की त्या आकड्यात खेळाडूचं कौशल्य किती आणि त्या आठवड्याचा योगायोग किती. बेसबॉलमध्ये प्रत्येक आकडा पिकायला वेगळा वेळ लागतो. काही दोन आठवड्यांत बोलू लागतात, तर काहींसाठी दीड मोसमही पुरत नाही. हे वेळापत्रक डोक्यात बसलं की रोजचा धावफलक वाचण्यातली गंमत कितीतरी वाढते. मोसम पुढे सरकतो त्याच क्रमाने काय पाहायचं, काय लिहून ठेवायचं आणि कशाकडे दुर्लक्ष करायचं, ते इथे सांगतो.

मोसमाआधी: वही तयार करा

एक संघ निवडा. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर १६२ सामने खेळतो. सगळ्यांच्या मागे लागलात तर कुणाचंच काही लक्षात राहणार नाही. त्या संघातले चार फलंदाज, दोन सुरुवातीचे पिचर आणि शेवटच्या डावात येणारा एक पिचर, असे सात जण पुरेत.

भारतात राहून हे करायला वेळ सोयीची आहे. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी ७:०५ ला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे ४:३५ ला लागतो, लॉस एंजेलिसचा ७:१० चा सामना सकाळी ७:४० ला. ऑफिसला निघेपर्यंत पूर्व किनाऱ्यावरचे धावफलक तयार असतात. रविवारचे सगळे सामने आपल्या सोमवारी दुपारपर्यंत आटोपतात, म्हणून आठवड्याची नोंद सोमवारी संध्याकाळी करा. आकडे फॅनग्राफ्स, बेसबॉल-रेफरन्स आणि बेसबॉल सॅव्हन्ट या संकेतस्थळांवर फुकट मिळतात.

वहीत सरासऱ्या लिहू नका, मोजणी लिहा. ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची सवय. फलंदाजासाठी हे रकाने हवेत: एकूण संधी, अॅट-बॅट, हिट्स, डबल, ट्रिपल, होम रन, वॉक, चेंडू अंगावर लागून मिळालेला बेस, सॅक्रिफाइस फ्लाय आणि स्ट्राइकआउट. डबल आणि ट्रिपल म्हणजे दोन आणि तीन बेस मिळवून देणारी हिट, वॉक म्हणजे चार वाईट चेंडू सोडून मिळालेला फुकट बेस, सॅक्रिफाइस फ्लाय म्हणजे स्वतः झेलबाद होऊन धाव मिळवून देणारा उंच फटका आणि स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइकनंतर बाद होणं. संधी म्हणजे प्लेटवर, म्हणजे फलंदाजीच्या जागी, उभं राहण्याची प्रत्येक वेळ. अॅट-बॅट त्याहून कमी असतात, कारण वॉक, अंगावर लागलेला चेंडू आणि सॅक्रिफाइस त्यांत धरत नाहीत. मोजणी जवळ असली की मे महिन्याच्या आकड्यांतून एप्रिलचे वजा करता येतात आणि हव्या त्या काळाची सरासरी काढता येते. सरासरीतून सरासरी वजा होत नाही.

पिचरसाठी: डाव, समोर आलेले फलंदाज, स्ट्राइकआउट, वॉक, अंगावर मारलेले चेंडू, दिलेले होम रन आणि अर्न्ड रन, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांशिवाय गेलेल्या धावा. तीन जण बाद झाले की डाव संपतो, म्हणून डाव लिहिताना एक काळजी घ्या. ६.१ म्हणजे सहा पूर्णांक एक तृतीयांश डाव, ६.२ म्हणजे सहा पूर्णांक दोन तृतीयांश. क्रिकेटमध्ये १२.३ षटकं म्हणजे साडेबारा, तसंच हे. कॅल्क्युलेटरमध्ये ६.२ तसेच टाकलेत तर सगळा हिशेब बिघडेल.

फलंदाजाची सरासरी, म्हणजे बॅटिंग अॅव्हरेज, म्हणजे हिट्स भागिले अॅट-बॅट. ती लिहिताना बेसबॉलमध्ये दशांश चिन्हाआधीचं शून्य गाळतात. .३१० हा आकडा ‘तीनशे दहा’ असा वाचतात. इथेही तेच करतो.

योगायोग किती मोठा असतो?

नोंदी सुरू करण्याआधी हे एकदा कागदावर करून पाहा. समजा एखादा फलंदाज मुळात .२७० चा आहे, म्हणजे त्याच्या अंगात तेवढं कौशल्य आहे आणि ते वर्षभर बदलत नाही. त्याच्या १०० अॅट-बॅटमध्ये काय दिसेल? .२७० ला .७३० ने गुणा, १०० ने भागा, वर्गमूळ काढा. उत्तर येतं सुमारे .०४४. याचा अर्थ, तीनपैकी साधारण दोन वेळा त्याची सरासरी .२२६ ते .३१४ च्या दरम्यान दिसेल आणि उरलेल्या वेळी त्याच्याही बाहेर. तोच माणूस, तीच बॅट, पण एका महिन्यात संघाबाहेर काढण्याजोगा दिसेल आणि दुसऱ्या महिन्यात ऑल-स्टार. ५०० अॅट-बॅटला हीच पट्टी .२५० ते .२९० इतकी अरुंद होते, पण नाहीशी होत नाही.

दुसरी बाजूही पाहा. ५०० अॅट-बॅटमध्ये .२५० म्हणजे १२५ हिट्स, .३०० म्हणजे १५०. मोसम साधारण २६ आठवड्यांचा. सामान्य फलंदाज आणि नामवंत फलंदाज यांच्यात आठवड्याला एका हिटचं अंतर! नुसत्या डोळ्यांनी हे अंतर कुणालाच दिसत नाही, म्हणून तर वही.

एप्रिल: फक्त तीन गोष्टी

कुठला आकडा किती संधींनंतर भरवशाचा होतो, यावर रसेल कार्लटन या अभ्यासकाने बरंच काम केलं आहे. त्यातून निघालेले ठोकताळे फलंदाजांसाठी साधारण असे: स्ट्राइकआउटचं प्रमाण ६० संधींना, वॉकचं १२० ला, होम रनचं १७० ला, स्लगिंग (फटक्यांच्या ताकदीचा आकडा) ३२० अॅट-बॅटना, ऑन-बेस (बेसवर पोचण्याचं प्रमाण) ४६० संधींना. आणि बॅटिंग अॅव्हरेज? ९१० अॅट-बॅट. त्या टप्प्यावर आकडा पक्का होतो असं समजू नका. तिथे त्यातला साधारण अर्धा भाग खेळाडूचा आणि अर्धा योगायोगाचा धरायचा.

रोज खेळणाऱ्याला सामन्यात चार किंवा थोड्या जास्त संधी मिळतात. म्हणजे स्ट्राइकआउटचा आकडा मध्य एप्रिलला बोलू लागतो, वॉकचा एप्रिलअखेरीला, होम रनचा मेच्या मध्याला. टीव्हीवर सगळ्यात मोठ्या अक्षरात झळकणारं बॅटिंग अॅव्हरेज मात्र त्या मोसमात कधीच पुरतं पिकत नाही.

तेव्हा एप्रिलमध्ये एवढंच करा. स्ट्राइकआउटला संधींनी भागा, वॉकला संधींनी भागा, आणि दोन्ही आकडे त्याच खेळाडूच्या मागच्या तीन वर्षांच्या आकड्यांशेजारी लिहा. तुलनेसाठी सांगायचं तर २०२४ मध्ये संपूर्ण लीगचं स्ट्राइकआउटचं प्रमाण २२.६ टक्के होतं आणि वॉकचं ८.२ टक्के. एखाद्याचं स्ट्राइकआउटचं प्रमाण आपल्या नेहमीच्या पातळीपेक्षा सहा-सात टक्क्यांनी हललं असेल, तर ती बातमी आहे. बॅटिंग अॅव्हरेज ऐंशी अंकांनी हललं असेल, तर ती अजून बातमी नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे चेंडू किती जोरात फटकावला जातोय. २०१५ पासून सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट ही मोजणीची यंत्रणा आहे आणि २०२० पासून ती हॉक-आय कॅमेऱ्यांवर चालते. पायचीतच्या निर्णयांमुळे आपल्याला ओळखीचं झालेलं तेच हॉक-आय. ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर, किंवा त्याहून वेगाने बॅटवरून सुटलेल्या चेंडूला ‘हार्ड हिट’ म्हणतात. खेळाडूच्या खेळलेल्या चेंडूंपैकी किती टक्के हार्ड हिट आहेत, एवढा एक रकाना वहीत वाढवा.

आरन जजचा २०२४ चा मोसम या तीन रकान्यांसाठीच घडल्यासारखा आहे. एप्रिलअखेर त्याची सरासरी होती .२०७. न्यूयॉर्कच्या घरच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्योही उडवली. पण त्याच वेळी त्याचं ऑन-बेस .३४० होतं, म्हणजे चेंडूची पारख शाबूत होती. चेंडू बॅटवर आला की सुटतही होता जोरात. जजचा सरासरी फटकाच हार्ड हिटच्या रेषेला टेकतो. मेमध्ये त्याने १४ होम रन मारले आणि वर्ष संपवलं .३२२ सरासरी, ५८ होम रन आणि १४४ आरबीआयवर (त्याच्या फलंदाजीमुळे संघाला मिळालेल्या धावांवर). एप्रिलमध्ये ज्याने फक्त बॅटिंग अॅव्हरेज पाहिलं, त्याला यातलं काहीच दिसलं नाही.

मे-जून: अॅव्हरेजच्या पलीकडे

बॅटिंग अॅव्हरेजचा उगम आपल्या ओळखीच्या जागेतला आहे. हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला पत्रकार न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटची वार्तांकनं करायचा. तो बेसबॉलकडे वळला आणि क्रिकेटच्या धावफलकाची शिस्त सोबत घेऊन आला. वॉक ही पिचरची चूक, फलंदाजाचं त्यात काय कर्तृत्व, असं त्याचं मत होतं. ते मत दीडशे वर्षं आकडेवारीत टिकून राहिलं. आज आपल्याला माहीत आहे की वाईट चेंडू सोडणं हे कौशल्य आहे, आणि एप्रिलमध्येच दिसणारं कौशल्य आहे.

म्हणून दोन भागाकार करा. ऑन-बेस: हिट्स, वॉक आणि अंगावर लागलेले चेंडू यांची बेरीज, भागिले अॅट-बॅट, वॉक, अंगावर लागलेले चेंडू आणि सॅक्रिफाइस फ्लाय यांची बेरीज. स्लगिंग: सिंगलला एक, डबलला दोन, ट्रिपलला तीन, होम रनला चार असे बेस मोजून त्यांना अॅट-बॅटने भागायचं. दोन्हींची बेरीज म्हणजे ओपीएस. २०२४ मध्ये लीगचं बॅटिंग अॅव्हरेज .२४३ होतं, ऑन-बेस .३१२ आणि स्लगिंग .३९९. हे तीन आकडे वहीच्या मुखपृष्ठाच्या आत लिहून ठेवा, वर्षभर मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतील.

आता २०२३ चे दोन फलंदाज शेजारी ठेवू. मायामीचा लुईस अराएझ: ५७४ अॅट-बॅट, २०३ हिट्स, १० होम रन, ३५ वॉक, फक्त ३४ स्ट्राइकआउट. सरासरी .३५४, लीगमध्ये पहिला. जूनच्या उत्तरार्धातही तो .४०० वर होता. दुसरा फिलाडेल्फियाचा काइल श्वार्बर: ५८५ अॅट-बॅट, ११५ हिट्स, ४७ होम रन, १२६ वॉक आणि २१५ स्ट्राइकआउट. सरासरी .१९७. सरासरीत १५७ अंकांची दरी आहे. ओपीएस काढा: अराएझ .८६० च्या आसपास, श्वार्बर .८१७. दरी चव्वेचाळीसच्या घरात येते. अराएझ अजून पुढेच आहे, पण दोघे एकाच वर्गात बसतात.

पुढच्याच वर्षी चित्र फिरलं. २०२४ मध्ये अराएझने .३१४ सरासरीने पुन्हा बॅटिंगचा किताब, म्हणजे लीगमधल्या सर्वोच्च सरासरीचा मान, जिंकला. सलग तिसरा, आणि तीन वेगवेगळ्या संघांकडून, जे त्याच्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. पण त्याचं ओपीएस .७४० च्या आसपास उतरलं. श्वार्बर .२४८ वर होता आणि त्याचं ओपीएस .८५१. मला अराएझची फलंदाजी पाहायला मनापासून आवडते. त्याच्यासारखा चेंडूला बॅट लावणारा आज दुसरा नाही. पण संघाच्या धावा मोजायच्या तर २०२४ चा श्वार्बर निर्विवाद वरचढ आहे.

ओपीएसमध्ये एक कमतरता आहे: ते ऑन-बेस आणि स्लगिंगला सारखंच वजन देतं. प्रत्यक्षात धावा होण्याच्या दृष्टीने ऑन-बेसचा एक अंक स्लगिंगच्या सुमारे पावणेदोन अंकांइतका मोलाचा असतो. दोन खेळाडूंचं ओपीएस सारखं असेल तर जास्त ऑन-बेसवाला निवडा.

नशीब तपासण्याचा भागाकार

श्वार्बर .१९७ वरून .२४८ वर आला कसा? याचा अंदाज २०२३ मध्येच बांधता आला असता. त्यासाठी बॅबिप हा आकडा आहे: स्ट्राइकआउट आणि होम रन सोडून जे चेंडू मैदानात खेळले गेले, त्यांतले किती हिट ठरले. हिट्समधून होम रन वजा करा. अॅट-बॅटमधून स्ट्राइकआउट आणि होम रन वजा करून सॅक्रिफाइस फ्लाय मिळवा. पहिल्याला दुसऱ्याने भागा.

श्वार्बर, २०२३: ११५ वजा ४७ म्हणजे ६८. खाली ५८५ वजा २१५ वजा ४७, अधिक ३ सॅक्रिफाइस फ्लाय, म्हणजे ३२६. भागाकार .२०९. लीगमध्ये हा आकडा .३०० च्या जवळ फिरतो. जोरात मारणाऱ्या माणसाचे पाचपैकी चार चेंडू वर्षभर क्षेत्ररक्षकांच्या हातात जात राहिले. त्यातून २०२३ हे क्षेत्ररक्षकांना एका बाजूला गोळा करण्यावर बंदी आल्याचं पहिलं वर्ष. दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर (जवळचे क्षेत्ररक्षक) ठेवणं सक्तीचं झालं होतं. त्याच्यासारख्या डावखुऱ्याला याचा फायदा होईल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. २०२४ मध्ये त्याचा बॅबिप .३०० च्या आसपास आला आणि सरासरी आपोआप वर गेली.

इथे घाई करू नका. ‘.३०० पेक्षा कमी म्हणजे कमनशिबी’ हा नियम नाही. वेगाने धावणारे आणि सपाट फटके मारणारे वर्षानुवर्षं .३३० च्या वर राहतात. अराएझचा २०२३ चा बॅबिप .३६० च्या घरात होता. उंच फटके मारणारे, पायाने मंद खेळाडू कायम खालीच राहतात. तुलना लीगशी नको, त्याच खेळाडूच्या कारकिर्दीशी करा. आणि बॅबिप खाली असताना हार्ड हिटचा रकानाही खाली गेला असेल, तर ते नशीब नसतं. अशा वेळी खेळाडू दुखापत लपवत असतो किंवा पिचरांनी त्याची कमजोरी हेरलेली असते.

पिचर: विजय-पराभव खोडून टाका

पिचरच्या नावासमोर विजय-पराभवाची जोडी छापतात. ती वहीत लिहूच नका. न्यूयॉर्क मेट्सचा जेकब डीग्रॉम २०१८ मध्ये २१७ डाव टाकून १.७० च्या इआरएने (दर नऊ डावांमागे गेलेल्या धावा) मोसम संपवतो आणि त्याची जोडी असते १०-९. त्याचा संघ त्याच्यासाठी धावाच करत नव्हता. सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या मतदारांनी ३० पैकी २९ पहिली मतं त्यालाच दिली, हे चांगलं झालं. सगळ्यांच्या वाट्याला असा न्याय आला नाही: नोलन रायनने १९८७ मध्ये २.७६ इआरएने लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि त्याच्या नावापुढे लागले ८ विजय, १६ पराभव.

इआरए म्हणजे दर नऊ डावांमागे दिलेल्या अर्न्ड रन. तो विजयांपेक्षा बरा, पण त्यातही क्षेत्ररक्षकांचा हात असतो. २००१ मध्ये वोरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने एक निष्कर्ष मांडला आणि जाणकार हादरले: मैदानात खेळल्या गेलेल्या चेंडूचा हिट होतो की बाद, यावर पिचरचं नियंत्रण फार थोडं असतं. त्याच्या हातात खऱ्या अर्थाने तीनच गोष्टी: स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन. त्यातून पुढे फिप हा आकडा आला. होम रन गुणिले १३, वॉक आणि अंगावर मारलेले चेंडू यांची बेरीज गुणिले ३, दोन्ही मिळवा, त्यातून स्ट्राइकआउट गुणिले २ वजा करा, डावांनी भागा, आणि शेवटी तीनच्या थोडा वरचा एक स्थिरांक मिळवा, म्हणजे उत्तर इआरएच्या मापात येतं. मोसमाच्या मध्यात ३.१० धरलंत तरी चालतं.

डीग्रॉम, २०१८: १० होम रन, ४६ वॉक, २६९ स्ट्राइकआउट. फिप दोनच्या आत. म्हणजे १.७० हा इआरए जवळजवळ पूर्ण त्याचाच होता. आता सॅन डिएगोचा ब्लेक स्नेल, २०२३: इआरए २.२५, लीगमध्ये सर्वोत्तम, साय यंगही मिळालं. पण १८० डावांत ९९ वॉक, लीगमध्ये सर्वाधिक, आणि फिप ३.४० च्या वर. बेस भरल्यावर तो अडचणीतून विलक्षण सहीसलामत बाहेर पडत होता. तो पुरस्कार त्याला मिळायला हवा होता, असंच मला वाटतं. झालेल्या कामगिरीसाठी पुरस्कार असतो. पुढच्या वर्षीचा अंदाज बांधताना मात्र २.२५ आणि ३.४४ यांपैकी दुसऱ्या आकड्याकडे झुका. २०२४ मध्ये त्याचा इआरए ३.१२ राहिला.

पिचरचे आकडे पिकण्याचं वेळापत्रक आणखी लांब आहे. स्ट्राइकआउटचं प्रमाण ७० फलंदाजांनंतर, म्हणजे तीन-चार सामन्यांत, बोलू लागतं. वॉकला १७० फलंदाज लागतात. होम रनला १,३०० च्या वर, म्हणजे जवळजवळ दोन मोसम. शेवटच्या डावात येणारा पिचर वर्षभरात साधारण साठ-सत्तर डावच टाकतो, म्हणून त्याच्या इआरएवरून कुठलंच मत बनवू नका. एका वाईट रात्री गेलेल्या पाच धावा महिनाभर त्याचा आकडा सुजवून ठेवतात. त्याचे स्ट्राइकआउट आणि वॉक पाहा, आणि चेंडूचा वेग पाहा. वेग दीड-दोन मैलांनी उतरला असेल तर इआरए कितीही सुंदर असो, काळजी करा.

आरबीआय आणि चोरलेले बेस

आरबीआय आधी खेळलेल्या फलंदाजांवर अवलंबून असतो. जजच्या १४४ आरबीआयमागे त्याच्या आधी खेळणारा हुआन सोटो होता. सोटोचं त्या वर्षीचं ऑन-बेस .४१९, म्हणजे जज बॅट घेऊन यायचा तेव्हा बेसवर बऱ्याचदा कुणीतरी उभा असे. वहीत लिहायचाच असेल तर आरबीआयशेजारी आधीच्या फलंदाजाचं ऑन-बेस लिहा.

चोरलेल्या बेसमध्ये (फटक्याची वाट न पाहता धावून गाठलेल्या पुढच्या बेसमध्ये) एकूण संख्येपेक्षा यशाचं प्रमाण पाहा. पकडलं जाणं महाग पडतं, म्हणून पाऊणच्या खालचं यश संघाला जेमतेम फायद्याचं. २०२४ मध्ये शोहेई ओहतानीने ५४ होम रन मारले, ५९ बेस चोरले आणि तो पकडला गेला फक्त चारदा. जुन्या आकड्यांशी तुलना करताना २०२३ ची रेघ ओढा. त्या वर्षी बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले, पिचरच्या पिक-ऑफवर, म्हणजे बेसवरच्या खेळाडूला पकडायला तिकडे चेंडू फेकण्यावर, मर्यादा आली, आणि लीगमधले चोरलेले बेस २,४८६ वरून ३,५०३ वर गेले.

मैदान आणि काळ

१९६८ मध्ये कार्ल यास्त्रेम्स्कीने .३०१ सरासरीने अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक; दुसरा नॅशनल लीग) किताब जिंकला. १९३० मध्ये संपूर्ण नॅशनल लीगची, पिचर धरून, सरासरी होती .३०३! याचा अर्थ १९३० चा सामान्य फलंदाज यास्त्रेम्स्कीपेक्षा चांगला होता असा नाही. १९६८ हे पिचरांचं वर्ष होतं. बॉब गिब्सनचा इआरए १.१२ होता आणि पुढच्याच वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला.

मैदानांचंही तसंच. डेन्व्हरचं कूर्स फील्ड सुमारे ५,२०० फूट उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू दूर जातो आणि वळतो कमी. तिथल्या फलंदाजाचा .८०० ओपीएस आणि समुद्रकाठच्या सिअॅटलमधला .८०० ओपीएस यांची किंमत एक नाही. यासाठी ओपीएस-प्लस, डब्ल्यूआरसी-प्लस आणि इआरए-प्लस हे आकडे वापरा. त्यांत मैदान आणि काळ दोन्हींचा हिशेब करून लीगची सरासरी १०० वर आणलेली असते. १२० म्हणजे सरासरीपेक्षा वीस टक्के चांगला. हे स्वतः काढायचा खटाटोप नको, तयार मिळतात.

जुलै: तारखा निवडण्याचा सापळा

मोसमाच्या मध्यात ‘मागच्या १७ सामन्यांत .३८०’ अशी वाक्यं सुरू होतात. सतराच का? कारण अठराव्या सामन्यात त्याने चारपैकी शून्य केलं होतं. आपल्या वहीत काळ आधीच ठरलेला असू द्या: महिना, आणि ऑल-स्टार सामन्याआधीचा (मोसमाच्या मध्यात होणारा निवडक खेळाडूंचा सामना) व नंतरचा भाग. एवढंच.

१९४१ मध्ये जो डिमॅजिओने १५ मे ते १६ जुलै अशा सलग ५६ सामन्यांत हिट मारली. त्या काळातली त्याची सरासरी .४०८. त्याच तारखांमध्ये टेड विल्यम्सची .४१२. विल्यम्सने वर्ष .४०६ वर संपवलं, मोसमाच्या शेवटच्या दिवशी दोन सामन्यांत आठपैकी सहा हिट मारून. सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मात्र डिमॅजिओला गेला. छप्पन सामन्यांची मालिका थरारक आहे, मीही ती वाचताना थरारतो, पण तारखांची चौकट बाजूला काढली की दोघांतला मोठा फलंदाज कोण, हे आकडे स्पष्ट सांगतात.

तारखा तोडण्याचं खरं कारण असेल तर जरूर तोडा: दुखापतीनंतरचं पुनरागमन, संघबदल, पिचरने शिकलेला नवा चेंडू. अशा वेळी तारीख वहीत त्याच दिवशी लिहा, निकाल दिसल्यावर मागे जाऊन नव्हे.

सप्टेंबर आणि पुढच्या वर्षाचा अंदाज

बॅटिंगच्या किताबासाठी संघाच्या दर सामन्यामागे ३.१ संधी लागतात, म्हणजे पूर्ण मोसमात ५०२. पिचरला इआरएसाठी १६२ डाव. सप्टेंबरमध्ये कोण या रेषेच्या आसपास आहे ते पाहून ठेवा. १९९६ मध्ये टोनी ग्विनच्या ४९८ संधी झाल्या, चार कमी. नियमानुसार त्याच्या नावावर चार कोरे अॅट-बॅट चढवले; .३५३ चे .३४९ झाले आणि तरीही तोच पहिला आला.

वॉर या एकत्रित आकड्याबद्दल थोडक्यात. फलंदाजी, क्षेत्ररक्षण, धावणं आणि जागेचं महत्त्व एकत्र करून खेळाडूने किती विजय वाढवले, याचा तो अंदाज आहे. साधारण दहा धावांना एक विजय. बेसबॉल-रेफरन्स आणि फॅनग्राफ्स तो वेगळ्या रीतीने काढतात. त्यातला क्षेत्ररक्षणाचा भाग एका मोसमात फारच डळमळीत असतो, म्हणून ६.१ आणि ५.७ यांवरून वाद घालण्यात अर्थ नाही. ८ आणि ४ यांत नक्कीच आहे.

मोसम संपला की टॉम टँगो या अभ्यासकाची साधी पद्धत वापरून पुढचा अंदाज काढा. सरलेल्या वर्षाला ५, त्याआधीच्याला ४, त्याआधीच्याला ३ असं वजन द्या आणि त्यात लीगच्या सरासरी खेळाडूच्या १,२०० संधी मिसळा. श्वार्बरचे होम रन घेऊ. २०२४: ६९२ संधींत ३८. २०२३: ७२० मध्ये ४७. २०२२: ६६९ मध्ये ४६. वजन देऊन होम रन झाले ५१६, संधी ८,३४७. लीगमध्ये दर शंभर संधींमागे सुमारे तीन होम रन होतात, म्हणून १,२०० संधींचे ३६ मिळवा. ५५२ भागिले ९,५४७, म्हणजे ५.८ टक्के. ७०० संधी धरल्या तर २०२५ साठी अंदाज निघतो चाळीसचा.

प्रत्यक्षात श्वार्बर २०२५ मध्ये सगळे १६२ सामने खेळला आणि त्याने ५६ होम रन मारले. अंदाज सोळाने चुकला. आता वहीतले रकाने उघडा आणि ते सोळा कुठून आले ते शोधा: संधी वाढल्या का, हार्ड हिट वाढले का, स्ट्राइकआउट घटले का, की तेच उंच फटके या वर्षी कुंपणापलीकडे गेले? जे कारण सापडेल ते पुढच्या वर्षीच्या अंदाजाशेजारी लिहा. अंदाज मार्चमध्ये, पहिला सामना सुरू होण्याआधी लिहिलेला असावा, आणि नंतर खोडू नये.